लस देऊनही मानमोडी आली, आता काय? ४० कोंबड्यांच्या खुराड्यासाठी सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. घरामागे लहानमोठ्या मिळून ४० कोंबड्या होत्या, लासोटा ही लस आणून पाण्यातून दिली, तरी महिन्याभरात मानमोडी आली आणि २५-२६ गेल्या. शेजारचे म्हणतात लस दिली म्हणूनच मेल्या. आता खुराडं परत भरलंय, तर परत लस द्यायची का, डोळ्यात की पाण्यात की टोचून, कोणत्या वयाला, आणि १०० डोसची बाटली फोडल्यावर उरलेल्या ६० डोसचं काय करायचं. शिवाय वाकड्या मानेची एक कोंबडी वाचलीय, तिचं काय.

मी पशुवैद्यक आहे, आणि मोठ्या फार्मपेक्षा परसातल्या कोंबड्यांमधेच जास्त वर्षं गेली. सरळ सांगतो, लस द्याच. पण तुम्ही जशी दिली तशी देऊ नका. तुम्ही लिहिलंय की बाटली सकाळी आणली, "घरी यायला दुपार झाली, मग दुसऱ्या दिवशी सकाळी नळाच्या पाण्यात टाकून दिली". माझ्या मते तुमच्या कोंबड्यांना लस मिळालीच नाही, दुधट पाणी मिळालं. लासोटा म्हणजे औषध नाही, तो जिवंत विषाणू आहे, सौम्य जातीचा, आणि तो कोंबडीच्या डोळ्यात-घशात जाऊन वाढला तरच प्रतिकारशक्ती तयार होते. वाटेत मेला तर बाटलीत काही उरत नाही, आणि मेलेली लस दिसायला जिवंत लशीसारखीच दिसते, हीच सगळी गोची आहे.

आजाराबद्दल जरा बोलू, कारण तो नीट कळला की लशीचं वेळापत्रक आपोआप कळतं. राणीखेत, मानमोडी, न्यूकॅसल ही सगळी एकाच रोगाची नावं. १९२६ मधे तो जावा बेटावर आणि इंग्लंडातल्या न्यूकॅसल शहराजवळ नोंदला गेला, त्यानंतर लगेच हिमालयातल्या राणीखेतला, म्हणून आपल्याकडे ते नाव चिकटलं. मानमोडी हे नाव मला जास्त आवडतं कारण ते लक्षणावरून आलंय. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण २ ते १५ दिवस जातात, बहुतेक वेळा ५-६. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मग कोंबडी पंख पाडून, पिसं फुलवून कोपऱ्यात बसते, हिरवट पातळ हगते, चोच उघडी टाकून श्वास घेते, घशात घरघर होते, डोळ्याभोवती सूज येते, अंड्यावरच्या कोंबड्या एकदम अंडी थांबवतात नाहीतर मऊ कवचाची, वेडीवाकडी अंडी घालतात, आणि जी कोंबडी चार-पाच दिवस टिकते तिची मान पिळल्यासारखी होते, पाय-पंख लुळे पडतात, गोल गोल फिरते. कधी कधी काहीच दिसत नाही, रात्री चांगली असलेली कोंबडी सकाळी मेलेली सापडते. लस नसलेल्या कळपात जहाल जातीचा विषाणू शिरला तर सगळीच्या सगळी खुराडी रिकामी झालेली मी बघितलीत.

यावर औषध नाही. अँटिबायोटिक, हळद, कांदा-लसूण, जे काय द्याल ते, विषाणूवर यातलं काहीही चालत नाही. अँटिबायोटिकने मागून येणारा जिवाणूंचा त्रास फारतर कमी होतो. म्हणून जे काही करायचं ते आधीच करायचं.

आता शेजाऱ्यांचं म्हणणं, "लस दिली म्हणून मेल्या". यावर हसू नका, मी स्वतः या आरोपातून गेलोय. नोकरीच्या अगदी सुरुवातीला एका घरी बोलावणं आलं, शेजारच्या वाडीत मर सुरू झाली होती. यांच्या ३० कोंबड्यांपैकी दोन जरा गप्प बसलेल्या, मला दिसल्या पण होत्या. मालक म्हणाले साहेब आलाच आहात तर सगळ्यांना टोचून टाका. मी टोचलं, आणि कबूल करतो, सगळ्यांना एकाच सुईने. चौथ्या दिवसापासून धडाधड पडायला लागल्या. त्या दोघींमधे रोग आधीच मुरत होता, बाकीच्यांपैकीही काहींमधे असणार, आणि जिथे नव्हता तिथे माझ्या सुईने आणि हातांनी पोचवला. त्यानंतर त्या वस्तीत माझं नाव "लसवाला आला आणि कोंबड्या गेल्या" असंच पडलं, पुढची दोन वर्षं तिथे कोणी लस घेतली नाही. चूक लशीची नव्हती, माझी होती.

म्हणजे लस दिल्यावर कोंबड्या मरायच्या वाटा अशा. रोग आधीच मुरत होता आणि नंतर लस दिली (ते २ ते १५ दिवस). किंवा लस वाटेतच मेली होती. किंवा अर्ध्या कोंबड्यांना मिळाली, अर्ध्यांना नाही. किंवा वयाच्या मानाने फार कडक लस दिली गेली, त्याबद्दल खाली लिहितो. किंवा पक्षी आधीच जंतांनी, कॉक्सीने (आतड्याच्या परजीवी रोगाने) पोखरलेले होते नाहीतर गंबोरो या विषाणूच्या रोगाने त्यांची प्रतिकारशक्ती बसली होती, मग लस दिली तरी शरीर काही उत्तरच देत नाही. आणि शेवटची शक्यता लोक विसरतात ती म्हणजे तो मानमोडी नव्हताच. बर्ड फ्लू वरून हुबेहूब असाच दिसतो, कोंबड्यांच्या कॉलऱ्यातही (हा जिवाणूचा रोग) त्या पटापट मरतात, आणि राणीखेतची लस यातल्या कशालाही अडवत नाही. एकदम खूप पक्षी मरायला लागले, तुरे आणि गलोल (चोचीखाली लोंबणारी कातडी) निळे पडले, तोंड सुजलं, पायाच्या नळीवर लाल डाग दिसले तर घरी कापून बघत बसू नका, सरकारी पशुवैद्यकाला कळवा आणि नमुने लॅबमधे जाऊ द्या. राणीखेत आणि बर्ड फ्लू दोन्ही कळवायचेच रोग आहेत, आणि डोळ्यांनी बघून या दोघांत फरक करतो म्हणणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

तुमच्या बाबतीत मला वाटतं दुसरं आणि तिसरं कारण एकत्र आलं. लस न्यायची पद्धत बघा. बाटलीत पांढरट वाळलेली गोळी असते, ती २ ते ८ डिग्रीला राहिली पाहिजे, दुकानाच्या फ्रीजपासून तुमच्या फ्रीजपर्यंत. मी एकदा एका भल्या माणसाला बघितलं, त्याने बाटली कागदात गुंडाळून गाडीच्या डिकीत ठेवलेली, वर ऊन, मधे दोन ठिकाणी चहा, दोन तासांनी घरी पोचला आणि मग तातडीने फ्रीजमधे ठेवली. फ्रीजमधे ठेवल्याने मेलेला विषाणू जिवंत होत नाही हो. थर्मास किंवा छोटा आईसबॉक्स, त्यात बर्फाच्या पिशव्या, बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मधे, एवढं जमत असेल तरच घ्या. घेताना मुदत बघा, आणि दुकानात फ्रीज चालू आहे का तेही बघा, लाजू नका. घरी ठेवताना फ्रीजच्या दारात नको, दार उघडझाप होतं तिथे तापमान नाचतं.

फोडायची वेळ झाली की एक साधी परीक्षा आहे. गोळीच्या बाटलीत हवा काढून घेतलेली असते. सोबत मिळणारं द्रावण सिरिंजमधे घेऊन सुई बुचातून आत घातली की द्रावण आपोआप ओढलं जातं, दांडा दाबावा लागत नाही. ओढलंच नाही तर बाटलीत हवा शिरलेली आहे, ती बाजूला ठेवा आणि दुसरी घ्या. विरघळवताना खळखळ हलवून फेस करू नका, हातात धरून गोल फिरवा.

आता मुख्य मुद्दा, डोळ्यात की पाण्यात. ४० कोंबड्यांसाठी माझं उत्तर एकच आहे, डोळ्यात. पाण्यातून देणं ही हजारो पक्ष्यांच्या शेडची पद्धत आहे, तिथे सगळे एका वयाचे, एका जागी कोंडलेले, पाण्याच्या लाईनी ठरलेल्या. तुमच्याकडे काय होतं बघा. थोरला कोंबडा आधी येऊन मनसोक्त पितो, दोन दांडग्या कोंबड्या त्याच्यामागे, लहान पिल्लं कडेला ढकलली जातात, आणि तिसरी टोळी कुंपणापलीकडच्या डबक्यावर तहान भागवून आलेली असते. कोणाला तीन डोस गेले, कोणाला शून्य. आणि ज्यांना शून्य गेला त्यांच्यातच रोग पेटतो. त्यात नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते टाकलंच आहे विषाणू मारायला, ते लशीचा विषाणू ओळखून सोडून देत नाही.

तरीही कोणाला पाण्यातूनच देणं भाग असेल तर निदान असं करा. विहिरीचं किंवा उकळून गार केलेलं पाणी, त्यात लिटरला अडीच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर (चहाचा साधारण एक सपाट चमचा), ती मिसळून १५-२० मिनिटं थांबायचं, मग लस. भांडी प्लॅस्टिकची, साबण-फिनेल न लागलेली, आणि गंजकी लोखंडी तर नकोच. आदल्या दिवसापासून पाण्यात कसलंही जंतुनाशक नको, दुसऱ्या दिवशीपर्यंत नको. पक्षी कोंडून २ तास पाणी बंद, उन्हाळ्यात त्याहून कमी. पाणी किती, तर पक्ष्याचं वय जितके दिवस तितके मिली पकडायचे, ४ आठवड्यांच्या पिल्लाला २८ मिली, मोठ्याला ४० च्या आसपास, म्हणजे ४० लहानमोठ्यांना सव्वा-दीड लिटर. तासा-दीड तासात संपलं पाहिजे. भांडी भरपूर ठेवायची म्हणजे लहानांना जागा मिळेल. एवढा खटाटोप करून वर खात्री नाहीच, त्यापेक्षा ४० वेळा थेंब टाकणं सोपं नाही का? दोन माणसं असतील तर तासाभराचं काम आहे.

थेंब टाकायची माझी पद्धत सांगतो. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरल्या की दार लावून टाकायचं, दिवसा पळापळ करून पकडत बसलात तर तुम्हीही दमता आणि कोंबड्याही. आधी ड्रॉपर मोजून घ्या. साधं पाणी १ मिली घ्या आणि त्या ड्रॉपरने थेंब थेंब पाडून मोजा. बऱ्याच ड्रॉपरचे १ मिलीत ३० च्या आसपास भरतात, पण काहींचे २०, काहींचे ४०. समजा ३० भरले तर १०० डोससाठी साधारण सव्वातीन-साडेतीन मिली द्रावण लागेल. कंपनीचा ड्रॉपर आणि कंपनीचं द्रावण सोबत असेल तर हे मोजमाप त्यांनीच केलेलं असतं, तिथे स्वतःची अक्कल लावू नका. पण दुसऱ्याच ड्रॉपरने मोठाले थेंब टाकत गेलात तर ७० व्या कोंबडीला बाटली संपते, आणि फार पातळ केलीत तर प्रत्येकीला अर्धाच डोस जातो.

एकाने कोंबडी काखेत धरायची, पंख आवळून. दुसऱ्याने डोकं हलकेच आडवं करायचं, एक डोळा आभाळाकडे. ड्रॉपर उभा धरायचा, डोळ्यापासून बोटभर वर, टोक डोळ्याला टेकू द्यायचं नाही. एक थेंब. आणि इथे सगळे घाई करतात, थेंब पडला की सोडून देतात. थांबा. थेंब डोळ्यावर भिंगासारखा बसतो, मग कोंबडी पापणी मारते, आणि तो आत ओढला जाताना दिसतो, दोन-तीन सेकंदांचा खेळ. तो नाहीसा झाला की सोडा. डोकं झटकून उडवला तर परत एक टाका. डोळ्याच्या मागे एक ग्रंथी असते, लस तिथे पोचते आणि डोळ्यातून नाकात, नाकातून घशात उतरते, म्हणजे रोग ज्या दारातून शिरतो त्याच दारावर पहारा बसतो. म्हणूनच लासोटासारख्या लशीला डोळ्याचा मार्ग एवढा चांगला. झालेली कोंबडी वेगळ्या डालग्याखाली टाकत जा, नाहीतर अंधारात हीच की ती असं होतं, एखादीला दोनदा मिळते आणि एखादी सुटते. दोनदा मिळाली तर बिघडत नाही, सुटली तर बिघडतं.

बाटली बर्फावरच ठेवायची, हातात घट्ट धरून बसायचं नाही, हाताची ऊबही वाईट. फोडल्यापासून तासाभरात, फारतर दोन तासांत संपवायची. चष्मा लावा. एकदा कोंबडीने झटका मारला आणि थेंब माझ्या डोळ्यात, दुसऱ्या दिवशी डोळा लालभडक, पाणी येतंय, तीन-चार दिवस तसाच. माणसाला यापेक्षा जास्त सहसा काही होत नाही पण नको तो ताप.

वयाचं आता. पहिली लस ५ ते ७ दिवसांना, लासोटा किंवा एफ किंवा बी-वन, यातली जी मिळेल ती सौम्य. दुसरी ३ ते ४ आठवड्यांना. दोनदा का? तर आईला लस मिळालेली असेल किंवा ती रोगातून वाचलेली असेल तर तिची प्रतिकारद्रव्यं अंड्यातून पिल्लात येतात, दर साडेचार दिवसांनी साधारण निम्मी होत जातात, आणि तोपर्यंत ती लशीच्या विषाणूलाही थोपवतात. पहिल्या डोसाचा काही भाग त्यात वाया जातो. ३-४ आठवड्यांना ती ओसरलेली असतात, तेव्हा दुसरा डोस नीट लागतो. एक डोस देऊन "झालं लसीकरण" म्हणणारे लोक इथेच फसतात.

त्यानंतर दोन रस्ते आहेत. पहिला, दर ३-४ महिन्यांनी सगळ्या कळपाला परत डोळ्यातून थेंब. मला परसातल्या कोंबड्यांसाठी हाच आवडतो, सुई नाही, भांडण नाही. दुसरा रस्ता टोचायच्या लशीचा. त्यात आर-टू-बी, जिला मुक्तेश्वर लस पण म्हणतात, ही मध्यम कडक. ती पंखाखाली कातडीत किंवा स्नायूत अर्धा मिली देतात, पण ६ ते ८ आठवड्यांच्या आत कधीही नाही, आणि ज्यांना आधी लासोटा-एफ मिळालीच नाही त्यांनाही नाही. कडक म्हणजे ही स्वतःच थोडा आजार करते. चांगल्या पक्ष्याला २-३ दिवस सुस्ती, काहींचे पाय लडखडतात, अंडी घटतात. चार आठवड्यांच्या पिल्लाला दिली तर पिल्लू खरोखर मरू शकतं, आणि शेजाऱ्यांचं "लसीनेच मेल्या" कधी कधी खरं ठरतं ते इथे. बऱ्याच देशांनी तर या मध्यम कडक लशी बंदच केल्यात. खुराड्यात सगळ्या वयाचे पक्षी एकत्र असतील तर मी तिच्या वाटेला जात नाही. मेलेल्या विषाणूची तेलातली लस पण असते, अंड्यावर यायच्या आधी १६-१८ आठवड्यांना मानेच्या कातडीखाली देतात, ती बरीच टिकते, पण आधी जिवंत लस झालेली असली पाहिजे. ती गोठवायची नाही, आणि चुकून स्वतःच्या बोटात टोचली गेली तर बघू उद्या म्हणून बसू नका, तेलामुळे बोट सुजून रक्तपुरवठा बंद पडू शकतो, बाटली सोबत घेऊन लगेच डॉक्टर गाठा.

फ्रीज-बर्फ जमतच नसेल तर उष्णता सोसणारी लस मिळते का विचारा. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात तयार झालेली आय-टू ही खास खेड्यातल्या कोंबड्यांसाठीच केलेली, वाळवलेली असेल तर फ्रीजबाहेरही काही आठवडे तग धरते, दर ४ महिन्यांनी डोळ्यात एक थेंब. उन्हात ठेवली तर तीही मरते, सोसते म्हणजे काहीही सोसते असं नाही.

उरलेल्या ६० डोसचं: फ्रीजमधे ठेवून पुढच्या महिन्याला वापरता येत नाहीत, हा विचार डोक्यातून काढून टाका. विरघळली की घड्याळ सुरू झालं. शेजारच्या दोन-तीन घरांना आधी सांगून ठेवा, एकाच संध्याकाळी सगळ्यांचं उरका, शेजारचं खुराडं सुरक्षित असणं तुमच्याही फायद्याचंच आहे. मात्र सगळ्यांच्या कोंबड्या एका अंगणात गोळा करू नका, रोग वाटायचा याहून सोपा मार्ग नाही. तुम्ही घरोघर जा, प्रत्येक घरानंतर हात साबणाने, चपला धुऊन, आणि जिथे एक जरी पक्षी गप्प बसलेला असेल त्या घरी त्या दिवशी जाऊच नका. तरी उरली तर जाऊ द्या, बाटलीसकट पाण्यात चांगली उकळा आणि पुरून टाका. उकिरड्यावर नको, कोंबड्या तिथेच उकरतात.

परसात खरी अडचण पिल्लांची आहे. आज या खुडूक कोंबडीखाली, दहा दिवसांनी त्या, म्हणजे दर आठवड्याला कोणीतरी ७ दिवसांचं असतं, एवढ्या बाटल्या फोडणार कोण? यावर मी लोकांना एक सांगतो. दोन-तीन कोंबड्या खुडूक झाल्या की अंडी एकाच दिवशी बसवा, एखादी आधी खुडूक झाली असेल तर तिला चार-पाच दिवस नुसत्या खोट्या अंड्यांवर बसवून ठेवा. २१ दिवसांनी सगळी पिल्लं एकत्र निघतात. अंडी बसवली त्या तारखेला कॅलेंडरवर खूण करा, तिथून २८ व्या दिवशी पहिला थेंब, ४२ ते ४९ व्या दिवशी दुसरा. आणि मोठ्या कोंबड्यांची फेरी यातल्याच एका तारखेला जोडून टाका, एकच बाटली दोन्हीकडे वापरली जाते.

लस द्यायच्या आठ-दहा दिवस आधी जंताचं औषध द्या. गंबोरोची किंवा देवीची लस देणार असाल तर मधे आठवडाभर अंतर ठेवा, एका दिवशी सगळं उरकायचा मोह नको. थेंबानंतर ३ ते ५ दिवसांनी थोडं शिंकणं, डोळ्याला पाणी, हे चालतं, दोन-चार दिवसांत जातं. पूर्ण संरक्षण यायला दीड-दोन आठवडे धरा, तेवढ्यात बाहेरून पक्षी आणू नका. नवीन आणलेला पक्षी एरवीही १५ दिवस ते ३ आठवडे वेगळा ठेवायचा असतो, लांबच्या कोपऱ्यात, आणि त्याला दाणापाणी शेवटी. तुमच्याकडे रोग कुठून आला असेल विचारलंय, तर ते तुम्ही स्वतःच लिहिलंय की, "बाजारातून दोन कोंबड्या आणल्या, चांगल्या दिसत होत्या". चांगल्याच दिसतात, २ ते १५ दिवस. कबुतरं, बदकं, अंड्यांचे ट्रे, चपला, दुसऱ्याच्या घरून आणलेलं डालगं, हेही मार्ग आहेतच.

हेही सांगून ठेवतो, लस झालेल्या कोंबडीला विषाणू लागतच नाही असं नाही. ती सहसा आजारी पडत नाही, मरत नाही, पण थोडाफार विषाणू तिच्या विष्ठेतून बाहेर पडू शकतो. म्हणून अर्ध्या कोंबड्यांना लस आणि अर्ध्यांना नाही असं करू नका.

आणि समजा परत मर सुरू झालीच. तेव्हा आजारी खुराड्यात लस घेऊन शिरू नका, माझी गोष्ट वाचलीत ना. त्या आवारातली ये-जा बंद, एकही पक्षी विकायचा नाही, वाटायचा नाही (मरायच्या आधी विकून टाकू ही जी सवय आहे ना, तिनेच साथ दहा घरं फिरते), मेलेले पक्षी ओढ्यात किंवा उकिरड्यावर न टाकता खोल खड्ड्यात चुना घालून पुरायचे, आणि पशुवैद्यकाला कळवायचं. लस द्यायची ती अजून रोग न पोचलेल्या बाजूच्या घरांना.

अंडी खाऊ का, असंही विचारलंय. व्यवस्थित शिजवून खा, लशीचा विषाणू उष्णतेने मरतो. कापायच्या बाबतीत जिवंत लशीच्या बऱ्याच बाटल्यांवर २१ दिवस थांबा असं छापलेलं असतं, तुमच्या बाटलीवर जे असेल ते पाळा.

राहिली वाकड्या मानेची कोंबडी. ती रोगातून वाचली म्हणजे तिच्यात लशीपेक्षा भक्कम प्रतिकारशक्ती आहे, सध्या तरी. आजारानंतर महिनाभर ती वेगळी ठेवायला हवी होती, पण तुम्ही म्हणताय पाच महिने झाले, तर आता त्याची काळजी नाही. मान पूर्ण सरळ होईल असं मी सांगणार नाही, मेंदूला-मज्जातंतूंना झालेली इजा बऱ्याचदा तशीच राहते. घाबरली की जास्त पिळते, शांत असली की बरी दिसते, हे तुम्ही बघितलं असेलच. (बी-वन जीवनसत्व देऊन चार दिवसांत मान सरळ झाली असं कोणी सांगितलं तर ती मानमोडी नव्हती, जीवनसत्वाची कमतरता होती.) तिला दाणा जमिनीवर पसरून देऊ नका, टिपताना नेम चुकतो, खोलगट वाटीत भरपूर दाणा द्या आणि पाण्याचं भांडं जड ठेवा म्हणजे धडकून सांडणार नाही. बाकीच्यांनी टोचू नये म्हणून खाताना वेगळं डालगं घाला. माझ्या ओळखीच्या एका घरी अशी एक कोंबडी तीन वर्षं जगली, अंडी घालायची, एकदा पिल्लंही काढली. पुढच्या फेरीत तिलाही थेंब टाका, फक्त तिचं डोकं आडवं करायची गरज पडणार नाही.